कचकड्याच्या सासूबाई

आधी ती कपबशी खाली ठेवा. हो, ठेवाच! मागच्या वेळी हा किस्सा सांगत होते तर आमच्या भाचीच्या नाकातून चहा आला आणि नव्या अभ्र्याचं वाटोळं झालं. ठेवली? मग ऐका.

चुका सगळ्यांच्याच हातून होतात. कुणी भाजीत दोनदा मीठ घालतं, कुणी भलत्याच गाडीत बसून भलत्याच गावी उतरतं. मी काय केलं असेल? मी अख्ख्या आर्वीसमोर, टेबलावर उभी करून, खाली चिठ्ठी लावून, एक सासू तयार केली. आणि तीही चुकीची!

आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, त्या वर्षीची ही गोष्ट. म्हणजे गेलो-बिलो कुठं नाही. घर, विहीर, शेजारीपाजारी सगळं आर्वीतच होतं. राज्यच तेवढं आमच्या अंगावरून बदललं. त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं होतं. मी नागपूरची. मॅट्रिक झालेली. गोल, पाचवारी पातळ नेसणारी. आणि हे तिन्ही माझ्या चालण्या-बोलण्यात दिसावं अशी काळजी घेणारी. आता हसू येतं, पण तेव्हा मला वाटायचं की आर्वीनं मला पाहून धन्य व्हावं.

घरात माणसं दोनच, दोन्ही पुरुष. हे पुलगावच्या एका जिनिंगमध्ये कामाला. कापसाचा हंगाम लागला की तिकडेच मुक्काम, शनिवारी छोट्या गाडीनं घरी. आणि दुसरे मामाजी, म्हणजे माझे सासरे. निवृत्त हेडमास्तर.

आता हेडमास्तर म्हणजे कसे, विचारा! त्यांच्या हाताखालून गेलेले चाळिशीचे बाप्येसुद्धा ते रस्त्यानं येताना दिसले की पेटती बिडी मुठीत विझवायचे. हात भाजला तरी चालेल, पण हेडमास्तरांना धूर दिसता कामा नये. माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे एकेका शब्दाचा श्रुतलेख. ‘‘सूनबाई, पाणी.’’ ‘‘सूनबाई, दार.’’ क्रियापदाचा खर्चच नाही!

सासूबाई मात्र नव्हत्या. हे सहा वर्षांचे असतानाच त्या गेल्या. घरात त्यांचा एक फोटोसुद्धा नव्हता. कुणी त्यांच्याबद्दल बोलतही नसे. मला फार वाटायचं, की कशा असतील या बाई? या माणसाबरोबर संसार कसा केला असेल?

आणि आता माझं खूळ सांगते. मला बाहुल्यांना नटवायचा नाद होता. नाद म्हणजे व्यसनच. माझ्याजवळ एक कचकड्याची बाहुली होती, वडिलांनी नागपूरच्या बर्डीवरच्या दुकानातून आणलेली. गोरीपान, निळे डोळे, डोक्यावर पिवळे केस रंगवलेले. आम्ही तिला मडम म्हणायचो. तिचा विलायती फ्रॉक मी पहिल्याच दिवशी काढून टाकला आणि तेव्हापासून तिला मी पेशवाईपासून पुढचं काय काय नेसवलं होतं! शिंप्याच्या दुकानातली कातरणं, जुन्या खणांचे काठ, बेगडीचे दागिने, काचमण्यांच्या नथी. माझं सगळं लक्ष जुन्या काळच्या थाटावर. आजची फॅशन काय, कुणीही शिवेल!

एकोणीस वर्षांची लग्न झालेली बाई सासरी ट्रंकेत बाहुली घेऊन आली, हे मामाजींना कळलं असतं तर? म्हणून ते दुपारी पारावर वर्तमानपत्र वाचायला गेले की मी मडमला बाहेर काढायची. आणि ते परत येताना काठी वाजली की मडम पुन्हा ट्रंकेत.

पण शेजारच्या सुमनपासून काही लपायचं नाही. ही पोस्टमास्तरांची बायको. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, आणि तोंडानं आर्वीचं दुसरं पोस्ट ऑफिस. एका दुपारी ती न सांगता घरात शिरली आणि दारातच थबकली.

‘‘अवं बाप्पा! हे कोन वं?’’

‘‘बाहुली आहे.’’

‘‘ते दिसून राह्यलं मले. पन हिचा थाट पाय! हे तू शिवलं?’’

मी मान डोलावली. झालं! चार दिवसांत महिला मंडळापर्यंत बातमी गेली. मंडळाचं बाहुल्यांचं प्रदर्शन व्हायचंच होतं, विषय ठरला ‘आजीच्या काळचा पेहराव’. वर्ध्याहून एक मोठ्या बाई बक्षीस द्यायला येणार. आणि अध्यक्ष कोण? तर आमचे मामाजी. गावात कशाचाही अध्यक्ष म्हटलं की तेच. त्यांच्यासमोर पोरं गडबड करत नाहीत ना!

मंडळाच्या बैठकीत सगळ्या बायका काय काय करणार ते सांगत होत्या. कुणी झाशीची राणी, कुणी जिजाबाई. माझी पाळी आली तेव्हा गप्प बसायचं की नाही? नाही!

‘‘मी मनानं काही करणार नाही,’’ मी म्हटलं. ‘‘खऱ्या बाईचा खरा पेहराव करीन. हुबेहूब. एक टाका इकडचा तिकडे नाही.’’

ऐकलंत? ‘हुबेहूब’. तो शब्द माझा, त्याची शिक्षाही मलाच.

आता खरी बाई आणायची कुठून? त्या काळच्या काठापदराचा एखादा तुकडा तरी मिळेल म्हणून मी एका दुपारी कोठीत गेले. तिथं मामाजींची एक जुनी पत्र्याची पेटी होती. मी विचारायला हवं होतं का? हवं होतं. विचारलं का? पेटी उघडली.

वर गोधड्या, मधे शाळेचे जुने हजेरीपट, आणि अगदी तळाशी, धोतराच्या फडक्यात चांगलं गुंडाळून ठेवलेला, एक चौकटीतला फोटो.

काय बाई होती हो! मागे खांब आणि बगिचा रंगवलेला पडदा. पुढे ही उभी. एक हात स्टुलावर, मान अशी वर. भरजरी नऊवारी शालू, खांद्यावरून शेला, नाकात टपोरी नथ, गळ्यात चंद्रहार, दंडाला वाकी, अंबाड्यावर फुलांची वेणी. नजर तर अशी, की फोटोतून म्हणावं, ‘कोण आहे रे तिकडे?’ पाठीमागं पुसट शाईत एकच शब्द होता, ‘तळेगाव’. आमच्या सासूबाईंचं माहेर तळेगावचं, एवढं मला ठाऊक होतं.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणजे बिचाऱ्यांनी बायकोचा फोटो पेटीच्या तळाशी जपून ठेवला होता! वरून एवढे कडक, आणि आत हे!

मी फोटो पदराखाली घालून सुमनकडे धावले.

‘‘सुमन, पाहा ग. सासूबाई!’’

सुमननं फोटो खिडकीशी नेला. ‘‘हो वं! तुह्या नवऱ्याचं नाक पाय. तेच नाक! हनुवटी बी तेच.’’

‘‘आईवर गेलेत हे,’’ मी म्हटलं.

‘‘पन पाय वं, हात किती मोठे हायेत बाईचे.’’

‘‘शेतावरच्या घरातली लेक. कामाचे हात आहेत ते.’’

‘‘आन् खांदे?’’

‘‘खात्यापित्या घरच्या होत्या!’’ मी जरा रागावूनच म्हटलं. माझ्या सासूबाईंच्या खांद्यांना नावं ठेवणारी ही कोण?

यांना विचारता आलं असतं, पण हे पुलगावला. पत्र लिहायचं तर सगळी मजा जाणार. मला तर दोघा बापलेकांना एकदम चकित करायचं होतं. तरी एकदा जेवण वाढताना मी धीर करून मामाजींना विचारलंच. ‘‘मामाजी, सासूबाईंना शालू फार आवडायचा का हो?’’

त्यांचा घास हातातच राहिला. ‘‘काऊन?’’

‘‘सहज.’’

‘‘तिले साधं लुगडंच आवडे. भाजी.’’

मी भाजी वाढली आणि मनात म्हटलं, लपवतात! दुःख लपवतात! असा कुठं हळवा माणूस असतो का?

मग मी कामाला लागले. मडमचे निळे डोळे काजळानं काळे केले. पिवळ्या केसांवर काळी लोकर डिंकानं चिकटवून अंबाडा घातला. ती लोकर यांच्या मफलरची होती, पण थंडीला अजून अवकाश होता. शालूसाठी माझ्या लग्नातलाच जांभळा खण उसवला. नथीला सायकलवाल्याकडची बारीक तार आणि तीन पांढरे मणी. वाकी बेगडीच्या. हात ठेवायला स्टूल हवं, म्हणून दोऱ्याचं रिकामं रीळ घेऊन त्यावर मखमल ओढली. मान वर होईना, तर मानेत कापसाची गुंडाळी घातली. खांदे फोटोतल्यासारखे रुंद दिसावेत म्हणून चोळीच्या आतूनही कापूस भरला. हुबेहूब म्हणजे हुबेहूब!

अडलं फक्त नेसण्यापाशी. नऊवारी मला नेसता येत नव्हती, तर मडमला कुठून नेसवणार? शेजारच्या कुठल्याही म्हातारीनं एका मिनिटात सांगितलं असतं. पण नागपूरची मॅट्रिक कुणाला विचारते? मी पुढच्या निऱ्या फोटोत पाहून पाडल्या आणि नेहमीसारखे सरळ टाके घालून शिवून टाकल्या. मागची बाजू? ती भिंतीकडे राहणार. कोण पाहतं!

प्रदर्शन मुलींच्या शाळेत होतं. मार्गशीर्षातली कोवळी दुपार, बाकं जोडून त्यावर पांढऱ्या चादरी. राण्या, कोळिणी, वाण्याच्या बायका सगळ्या रांगेनं उभ्या. माझी बाहुली मधोमध. शेजारी फोटो, आणि पुढे मी जाड बोरूनं लिहिलेली चिठ्ठी: ‘माझ्या स्वर्गवासी सासुबाई, त्यांच्या लग्नातील पेहरावात.’

लग्नातील? ते मला कुणी सांगितलं? कुणीच नाही. शोभतंय म्हणून लिहिलं.

बायका यायच्या, फोटो पाहायच्या, बाहुली पाहायच्या आणि डोळ्यांना पदर लावायच्या. ‘‘अशी सून पाह्यजे बाप्पा,’’ कुणी म्हणे. ‘‘जित्या सासूले कोनी विचारत नाई, हिनं मेलेलीले उभी केली.’’ मी मान खाली घालून उभी. मान खाली घातली की स्तुती नीट ऐकू येते.

तेवढ्यात एक म्हातारे आत आले. डोक्याला फेटा, हातात चष्मा. हे हरबाजी, तळेगावचे, मामाजींचे लहानपणचे मित्र. बाजारात कापसाची बंडी घेऊन आले की आमच्याकडे पाणी प्यायला टेकायचे. आज घरी कुलूप दिसलं म्हणून इकडे आले होते. त्यांनी चष्मा घातला, फोटोजवळ वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

‘‘अबे!’’ ते म्हणाले. ‘‘हा तं आपला नामदेव हाय!’’

नामदेव म्हणजे आमचे मामाजी.

मला वाटलं म्हाताऱ्यांना नीट दिसत नसावं. मी हसून म्हटलं, ‘‘नाही काका, या सासूबाई आहेत माझ्या.’’

‘‘सासू?’’ ते वळले. ‘‘अवं बाई, ह्या सासूले मिशी होती! मीच गेलतो न्हाव्याकडे घेऊन, काढाले!’’

माझ्या कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं.

‘‘गावात नाटक केलतं आमी जत्रेले. मी राजा, आन् हा माही राणी. असं रडे, असं रडे, का बाया मुंडासेवाल्या नवऱ्याइच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत! जत्रेत फोटोवाला आलता, त्यानं काढला हा.’’ मग ते चिठ्ठी वाचायला लागले. एकेक अक्षर लावून. ‘‘स्व... र्ग... वासी?’’

सुमन माझ्या बाजूला उभी होती. तिनं तोंडात पदराचा बोळा कोंबला. तरी तिचे खांदे हलत होते. ‘‘तरीच म्हनत होती मी,’’ ती पदरातून म्हणाली, ‘‘खांदे...’’

‘‘गप ग!’’

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी धरणी दुभंगते का? नाही दुभंगत. आर्वीची काळी जमीन उन्हाळ्यात हातहात फाटते, पण त्या दिवशी एक चीर पडेल तर शपथ! मी झडप घालून फोटो उचलला. पदराखाली घालावा, मागच्या दारानं पळावं आणि गाडी पकडून नागपूरला आईच्या कुशीत तोंड लपवावं, असा बेत. आणि त्याच क्षणी पुढच्या दारातून वर्ध्याच्या बाई आत आल्या. पांढरी खादीची साडी, चेहऱ्यावर माया. त्यांच्या मागे काठी टेकत मामाजी.

बाई थेट माझ्यापाशी. ‘‘हीच का ती सासूबाईंची बाहुली? बाहेर सगळ्याजणी सांगत होत्या.’’ आणि माझ्या हातातून हळूच फोटो घेतला. ‘‘अगं, लपवतेस काय? लाजायचं कशाला?’’

मग त्यांनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. अगदी गहिवरून. फोटो मामाजींसमोर धरला. ‘‘आपल्या सौभाग्यवती! काय तेज आहे चेहऱ्यावर!’’

मामाजींनी फोटो पाहिला.

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी त्यांच्या चपलांकडे पाहत होते. चपला हलल्या नाहीत.

इकडे हरबाजींची कुजबूज बाकांवरून पुढे सरकत होती. एका टोकाला खुसकन आवाज झाला की पुढच्या बाकावर माना जवळ यायच्या, मग तिथे खुसकन. वर्ध्याच्या बाईंना यातलं काहीच कळेना. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, ‘‘पहिलं बक्षीस मी या बाहुलीला देते. आणि अध्यक्षांना विनंती करते की त्यांनी आपल्या दिवंगत पत्नीबद्दल दोन शब्द बोलावेत.’’

बाहेर एक बंडी गेली, तिच्या बैलांच्या गळ्यातलं एकेक घुंगरू मला मोजता आलं असतं.

मला काय वाटत होतं ते सांगते. हसण्यावारी नेते आता, पण तेव्हा हसू येत नव्हतं. या माणसाकडे आयुष्यभर सगळ्यांनी मान वर न करता पाहिलं होतं. ती सगळी अब्रू मी एका कचकड्याच्या बाहुलीवर ओवाळून टाकली होती. आता ते मला माहेरी पाठवणार, आणि पाठवलं तर त्यांचं काहीच चुकणार नव्हतं.

मामाजी पुढे आले. बाहुलीसमोर उभे राहिले. खिशातून त्यांची ती तांबडी पेन्सिल काढली. निवृत्त झाले तरी ती खिशात असेच. वाकले, आणि चिठ्ठीतल्या ‘सासुबाई’वर एक रेघ मारली.

‘‘सासूबाईतला सू दीर्घ असते,’’ ते म्हणाले. ‘‘मॅट्रिक ना तू?’’

मग त्यांनी दीर्घ ऊकार नीट काढला. आणि मग, शांतपणे, तो अख्खा शब्दच खोडला. ‘स्वर्गवासी’ही खोडला. वर लिहिलं, ‘सासरे’.

‘‘हा फोटो माह्या बायकोचा नाई,’’ ते सभेकडे वळून हेडमास्तरांच्या आवाजात म्हणाले. ‘‘हा फोटो माहा हाय.’’

हसायची कुणाची छाती! निम्म्या गावानं त्यांच्या छड्या खाल्लेल्या. बायकांनी श्वास धरून ठेवला होता. वर्ध्याच्या बाई एकदा फोटोकडे, एकदा मामाजींच्या पांढऱ्या मिशीकडे पाहत होत्या.

मामाजींनी बाहुली उचलली. उलटी केली. भिंतीकडची बाजू जगासमोर आली. तिथे माझे उभे-आडवे टाके, गाठी, लोंबणारे दोरे.

‘‘हे काय? टाके घातले?’’

‘‘हो...’’ मी पुन्हा चपलांकडे पाहत म्हटलं.

‘‘नेसवता येत नाई?’’

मी मान हलवली. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, नखानं माझा एकेक टाका उसवला आणि त्या जांभळ्या खणाच्या पट्टीला हात घातला. हो! त्या छडीच्या हातांनी! बोटांत निऱ्या अशा भरभर पडत गेल्या, जशा पोथीची पानं उलटावीत. ओचा खोचला. काष्टा मागे नेला, ताणला, बसवला. पदर खांद्यावरून घेऊन एक हलकीशी थाप मारली. मडम अशी उभी राहिली, की फोटोतली राणीच.

‘‘काष्टा ढिला राह्यला का बाई चालतानी फरफटते,’’ ते कुणालाच न पाहता म्हणाले. ‘‘मी तीन अंक चाललो हाय.’’

मागून हरबाजींना धरवेना. ‘‘राणीसाहेब!’’ ते ओरडले आणि फेटा काढून झुकले. ‘‘चाळीस सालानं भेटल्या!’’

आणि मग काय झालं सांगू? मामाजी हसले. सात-आठ महिन्यांत मी त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले. ते हसले म्हटल्यावर सभेला परवानगीच मिळाली. बायका बाकांवर पडल्या. सुमन तर भिंतीला धरून खाली बसली. वर्ध्याच्या बाईंनी डोळे पुसले, मघाचे आणि आताचे एकदमच, आणि बक्षिसाचा पितळी डबा माझ्या हातात देता देता मामाजींना विचारलं, ‘‘हा नक्की कुणाला द्यायचा?’’

‘‘नेसवलं मी,’’ मामाजी म्हणाले, ‘‘पन शालू तिचा उसवला. तिलेच द्या.’’

घरी परतताना ते पुढे, मी चार पावलं मागे. काठीचा ठक ठक आवाज. मला वाटलं, सभेत हसले, आता घरी खरं सुरू होईल. वाटेत ते थांबले.

‘‘माह्या बापानं त्या नाटकापायी मले बैलाच्या चाबकानं मारलं होतं,’’ ते म्हणाले. ‘‘मंग मास्तर झालो. मास्तरानं लुगडं नेसलं होतं हे पोराइले कळलं असतं तं कोन ऐकलं असतं माहं? म्हनून पेटीत ठेवला. फेकाले काही हात उठला नाई.’’

‘‘माझं चुकलं मामाजी. पेटी उघडायला नको होती.’’

‘‘नोको होती.’’ ते पुन्हा चालू लागले. मग जरा वेळानं, न वळता: ‘‘तो शालू तुह्या सासूच्या आईचा होता. नाटकाले मांगून आनलता. वापस द्याले गेलो तं हिनं दार उघडलं. पदराले तेलाचा डाग पाह्यला आन् मले बोलली, का बाप रे! दोन सालानं त्याच घरी माही सोयरीक झाली.’’ काठी दोनदा वाजली. ‘‘तवा शालू बराबर हाय तुहा. मानूसच चुकला.’’

एवढं लांब वाक्य ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले होते. क्रियापदांसकट!

शनिवारी हे आले. स्टेशनपासून घरापर्यंत त्यांना अकरा जणांनी थांबवून हकीकत सांगितली होती, त्यामुळे मला काही सांगावंच लागलं नाही. आत आले, माझ्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, आणि आधी काय विचारावं? ‘‘माहा मफलर कुठं हाय?’’

पुढच्याच महिन्यात माझी पहिली संक्रांत. हलव्याचे दागिने सुमननं केले होते. काळी चंद्रकळा आली, नऊवारी. आता नेसायची कशी? आत मी आणि सुमन. सुमनही माझ्यासारखीच गोल पातळवाली, तिला नऊवारीतलं ओ की ठो येत नव्हतं. दोनदा नेसले, दोनदा सुटलं. बाहेर हळदीकुंकवाच्या बायका जमायला लागलेल्या. मी रडकुंडीला आले.

तेवढ्यात बंद दाराबाहेर खाकरल्याचा आवाज. मग हेडमास्तरांचा आवाज, सातवीच्या वर्गाला गणित सांगावं तसा.

‘‘पहिले गाठ. कमरेले आवळून. झाली?’’

‘‘झाली,’’ सुमन ओरडली.

‘‘आता निऱ्या. चार बोटाच्या. मोजून घ्या! उजवीकडून डावीकडे. घाई नाई पाह्यजे... ओचा खोचा. खोचला?’’

‘‘खोचला!’’

‘‘आता काष्टा. वढा! अजून वढा! श्वास लागते का तिले?’’

‘‘लागून राह्यला!’’

‘‘मंग बराबर हाय.’’

मी बाहेर आले. काय सांगू तुम्हाला, चापूनचोपून बसलेली चंद्रकळा, अंगावर पांढरा हलवा, आणि चालताना काष्टा इंचभर हलेना! बायका पाहतच राहिल्या. ओसरीवर मामाजी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून, आपण त्या गावचेच नाही असे बसलेले. एक म्हाताऱ्या आजी माझ्याभोवती फिरून आल्या, मागून पाहिलं, पुढून पाहिलं.

‘‘काय सुंदर नेसली वं पोरी! नागपूरच्या पोरीइले येत नाई असं. कोनं शिकवलं तुले?’’

आणि मी, मॅट्रिक पास, अख्ख्या घरादारासमोर, छाती पुढे काढून, क्षणाचाही विचार न करता म्हटलं,

‘‘सासूबाईंनी!’’